खावटी, तुझी तारीख आता आमच्याकडे आहे

तलासरी, वैशाख

खावटी,

तू आषाढ लागता लागता येतेस. घरातली सगळी माणसं आवणीला चिखलात वाकलेली असतात, कणगीत घातलेला हात तळाला लागतो आणि तू दारात उभी असतेस.

माझ्या आजीला तुझी चाहूल आठ महिने आधी लागायची. कार्तिकात भात झोडून कणगी भरली की ती काठी घालून खोली बघायची. घरातली तोंडं मोजायची, बियाण्याचं भात वेगळं काढायची, कणसरी देवीचं वेगळं काढायची. मग सांगायची, हे होळीपर्यंत जाईल, किंवा यंदा बरं आहे, महालक्ष्मीच्या जत्रेपर्यंत जाईल. जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते. त्याच्यापुढे नागली, नागलीनंतर रानातले कंद, आणि कंदांनंतर तू. आजीला अक्षर येत नव्हतं. पण तिचा अंदाज आठवड्याहून जास्त चुकल्याचं मला आठवत नाही.

हे पत्र उघडं आहे, म्हणून जे तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खावटी म्हणजे खाण्यासाठी काढलेलं कर्ज. ते बैलासाठी नाही, बियाण्यासाठी नाही, घर बांधायलाही नाही. पावसाळ्याचे दोन-तीन महिने पोटात काही जावं म्हणून आज उचलायचं आणि नवं भात आलं की फेडायचं. फेड कुठे सवाईने, कुठे दिढीने, कुठे दुपटीने. दिढी म्हणजे मणाला दीड मण. म्हणजे कार्तिकात कणगी भरायच्या आधीच तिचा एक भाग दुसऱ्याच्या कोठीत जायचा, पुढच्या वर्षी ती आणखी लवकर रिकामी व्हायची, आणि तू आषाढाऐवजी ज्येष्ठातच यायचीस.

तुझी तारीख आजीखेरीज आणखी एकाला पक्की ठाऊक असायची. तो जमिनीचा मालक असायचा, किंवा गवताचा व्यापारी, किंवा दुकानदार. पुष्कळदा तिन्ही एकच. कोणत्या पाड्यावर कोणाचं भात कधी संपणार, कोणाच्या मुलाचं लग्न यंदा ठरणार, हे त्याला बसल्या जागी माहीत असे. त्या माहितीवर त्याचा सगळा धंदा उभा होता. लग्नासाठी शे-दोनशे रुपये दिले की मुलगा लग्नगडी व्हायचा आणि बायकोसकट जन्मभर त्या घरी राबायचा. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. ते १९७० साली आलं.

लोक या भागाचा इतिहास सांगतात तेव्हा लाल बावटा सांगतात, सभा सांगतात, गोळीबार सांगतात. मला त्यातलं एक वेगळंच सांगायचं आहे, आणि ते तुझ्याशी जोडलेलं आहे. २३ मे १९४५ रोजी झरीला सभा झाली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. सुमारे पाच हजार वारली जमले, वेठ बंद आणि लग्नगडी बंद असं ठरलं, शेतावरच्या कामाला दिवसाला बारा आणे मागायचं ठरलं. पण खरी ताकद दिसली ती पावसाळ्यानंतर, गवतकापणीच्या वेळी. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. आमच्याकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आश्विनात ते उभं पिकतं, वेळेवर कापलं नाही तर वाळून कोळपतं आणि त्याला भाव राहत नाही. तोवर तारीख नेहमी व्यापाऱ्याच्या हातात असायची आणि भूक आमच्या पदरात. त्या आश्विनात पहिल्यांदा उलटं झालं. गवत रानात उभं होतं, कोयते घरात होते आणि दिवस व्यापाऱ्याचे सरत होते. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबतचे चार जण गेले. संप मात्र मोडला नाही. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल. तिच्या बोलण्यात या सगळ्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा यायची: आम्हाला गवताचे दिवस मोजता येत होते.

आता मी माझ्याकडे येते. मी एका बचत गटाची वही लिहिते. बारा बायका आहेत, बहुतेक वारली, दोघी धोडी. अनेक वर्षं मी वही चोख लिहिली. कोणी किती भरले, कोणाकडे किती राहिले, सगळं. आणि तरी दर श्रावणात त्याच चार घरांचे हप्ते चुकायचे. मी त्यांना बोलायचे, त्या मान खाली घालून ऐकायच्या. माझी चूक मला फार उशिरा कळली. वही फक्त होऊन गेलेलं लिहिते. आजीची काठी पुढचं सांगायची. काठी गेली, वही आली, आणि पुढचं बघणारं घरात कोणी राहिलं नाही.

काठी का गेली, तेही बघायला हवं. कणगीत भात होतं, त्याची खोली मोजता येत होती. आता घर भातावर थोडं आणि पैशावर जास्त चालतं. रेशनचं धान्य आहे, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, त्याने पोटाचा मोठा भार हलका केला हे मी मान्य करते. पण वीज, गॅस, मोबाइल, शाळेची वह्या-पुस्तकं, रिक्षा, औषध, मोटरसायकलचा हप्ता हे सगळं पैशात आहे आणि ते सगळं महिन्याच्या मापाने येतं. मोबाइलचं तर महिन्याच्याही नाही. रिचार्ज २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा. ते तेरावं रिचार्ज आमच्या कोणाच्याच हिशेबात नव्हतं.

आणि जमा? ती हंगामाच्या मापाने येते. चिकूवाडीतली तोडणी, वाणगाव-चिंचणीकडच्या मिरचीच्या मळ्यांतली थंडीतली मजुरी, आश्विनातलं गवत, चैत्रातला मोह, आवणीची पंधरा-वीस दिवसांची धावपळ, पावसाळ्याच्या तोंडाशी डहाणू स्टेशनवर नेऊन विकलेल्या शेवळांच्या जुड्या. किनाऱ्यावरच्या घरांचं आणखी वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आमच्याकडचे खलाशी वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर जातात, त्यांचाही हंगाम पावसाआधी संपतो. तलासरीची पोरं सीमेपलीकडे उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांत जातात, त्यांचा पगार तेवढा महिन्याचा.

तू राहतेस ती जागा मला इथेच सापडली. आम्ही समजत होतो, पैसा कमी म्हणून तू येतेस. कमी आहेच. पण एका घराचा तक्ता मांडला तेव्हा वेगळंच दिसलं. आकडे सोपे करून सांगते. समजा, १ जूनला हातात ६,००० रुपये आहेत. जूनमध्ये जमा ८,५००. खर्च: घरात ५,०००, बियाणं-खत ३,०००, शाळा २,०००, वीज-गॅस-रिचार्ज १,५००, गट आणि हप्ते १,५००, मिळून १३,०००. उरले १,५००. जुलैत जमा ६,०००, खर्च ८,०००, पाचशे कमी. ऑगस्टमध्ये जमा ६,५००, सणासकट खर्च ९,५००. साडेतीन हजार कमी. सप्टेंबरात जमा ८,०००, खर्च ८,०००, खड्डा तसाच. ऑक्टोबरात गवताचे धरून जमा १२,०००, खर्च ८,०००. खड्डा भरून पाचशे उरले.

पाचही महिन्यांची बेरीज केली तर घराचं भागतं आहे! फक्त तारखा जुळत नाहीत. जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत साडेतीन हजारांचं एक भगदाड आहे, आणि तू नेमकी तिथे राहतेस. ते भगदाड दिढीने बुजवलं तर साडेतीन हजारांचे सव्वापाच हजार द्यावे लागतात. ऑक्टोबरात उरायचे होते पाचशे, ते जाऊन वर साडेबाराशेचा नवा खड्डा पडतो आणि दिवाळीच्या तोंडावर मुकादम उचल घेऊन दारात येतो.

उचल ही तुझी धाकटी बहीण. वीटभट्टीचा मुकादम दिवाळीला पैसे देतो, माणूस पावसापर्यंत भट्टीवर जातो. बोटीवरही तसंच, हंगामाआधी शेठची उचल. घरात तो पैसा आल्यासारखा वाटतो, सण होतो, कपडे होतात. तक्त्यात मात्र आम्ही उचल जमेच्या बाजूला लिहीतच नाही. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंतच्या पाच रकान्यांत तिची फेड वाटून लिहितो आणि त्या रकान्यांत मजुरीच्या जागी किती उरतं ते दाखवतो. पहिल्यांदा असं मांडलं तेव्हा एका वहिनींनी पाच महिन्यांपुढे पाच शून्यं बघितली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरचा माणूस तेव्हा भट्टीवर निघायच्या तयारीत होता. तो गेलाच, कारण पैसे आधीच खर्च झाले होते. पण पुढच्या दिवाळीला त्यांनी उचल निम्मी घेतली.

तक्ता म्हणजे काही मोठी विद्या नाही. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला बारा रकाने. आम्ही सुरुवात जानेवारीपासून करत नाही आणि एप्रिलपासूनही नाही. कार्तिकापासून करतो, कारण घराचं वर्ष तिथे सुरू होतं. वरच्या ओळीत हातात असलेलं, त्याखाली येणारं, त्याखाली जाणारं, तळाला उरलेलं, आणि ते उरलेलं पुढच्या रकान्याच्या डोक्यावर. पावसाळ्याचे चार महिने मात्र आठवड्याने मांडावे लागतात, कारण महिन्याच्या अखेरीला बेरीज बरी दिसते आणि मधल्याच एका मंगळवारी घरात दहा रुपये नसतात.

एक नियम मी स्वतः ठेच खाऊन शिकले. पैसा हातात पडेल त्या दिवशी लिहायचा. काम केलं त्या दिवशी नाही. एका वर्षी रोजगार हमीवर पंधरवडाभर खोदलं आणि मजुरी त्याच महिन्यात धरली. कायद्याने हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे यायला हवे होते. आले दोन महिन्यांनी. तोवर विजेचं बिल थकलं, तोडणीची भीती घालणारा निरोप आला आणि मी शेजारणीकडे हात पसरला. नंतर कळलं की २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी जोड तोडायच्या आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. ते मला आधी ठाऊक असतं तर त्या पंधरा दिवसांचाही मी रकाना केला असता. आता सरकारी पैसा, मग तो मजुरी असो की लाडक्या बहिणीचे १,५०० असोत, खात्यात आल्याशिवाय आम्ही शाईने लिहीत नाही. तोवर पेन्सिल.

दुसरी ठेच भावाची. तो कारखान्यात जातो. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची मुदत महिन्याच्या ७ तारखेची, हजार आणि त्याहून जास्त कामगार असतील तर १० तारखेची ठेवली होती. कारखान्यांची सवय अजून तीच आहे. मोटरसायकलचा हप्ता खात्यातून कापला जायचा ५ तारखेला. दोन-तीन दिवसांच्या अंतरासाठी दर महिन्याला दंड. कर्ज देणाऱ्यांकडे तारीख बदलून मागितली तर आज या, उद्या या झालं. त्याला महिन्याला वाहनाचा हप्ता झेपत होता. झेपत नव्हती ती फक्त तारीख. शेवटी गटातून एका हप्त्याएवढे पैसे घेऊन ते खात्यात ठेवले, त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि दंड थांबला. अशी गोष्ट कोणी शाळेत का शिकवत नाही?

खावटी, तुला थोपवायचं म्हणजे काय करायचं, तेही आम्हाला बाहेरून कोणी शिकवायला नको होतं. किनाऱ्यावर त्याला आगोट म्हणतात. पाऊस लागायच्या आधी घराची बेगमी करायची: मीठ, मिरची, तेल, डाळ, सुके बोंबील, जवळा, सरपण. मोहाचे आणि चिकूचे पैसे हातात असतात ते वैशाखातच. तेव्हा दोन महिन्यांचं तेल-डाळ भरलं तर जुलै-ऑगस्टच्या रकान्यातला घरखर्च आपोआप खाली येतो. उरलेलं भगदाड गटातून भरायचं. महिना शेकडा दोनने साडेतीन हजार तीन महिने वापरले तर व्याज २१० रुपये. दिढीने तेच १,७५० आहे. पण गटातही पैसे श्रावणात मागून मिळत नाहीत, कारण श्रावणात सगळ्याच मागतात. म्हणून बाराही तक्ते आता वैशाखात शेजारी शेजारी ठेवतो. कोणाचा खड्डा कोणत्या आठवड्यात, ते दिसतं. पाळ्या तेव्हाच लागतात. श्रावणात कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

एक गोष्ट मला ठणकावून सांगायची आहे, कारण शहरातून येणारे लोक आमच्या बायकांना हिशेब शिकवायला बसतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात असं येतं, की हिशेब ठेवला असता तर ही पाळी आली नसती. हे खोटं आहे. मजुरी कमी असेल तर तक्ता ती वाढवत नाही. आजारपण आलं तर तक्ता फाटतो. बारांपैकी दोन घरांचा तक्ता बाराही महिने तोट्याचा आहे. तारखा कितीही हलवल्या तरी त्यांचं भागत नाही. त्या घरांना बेगमीचा उपदेश करणं हा अन्याय आहे. त्यांना काम हवं, पुरेशी मजुरी हवी, वनहक्काच्या दाव्याचा निकाल हवा. तक्त्याने एवढंच केलं, की ती दोन घरं कोणती आणि त्यांना किती कमी पडतं हे आम्हाला आकड्यात सांगता येऊ लागलं.

आणि ज्यांनी मदत करायची त्यांनाही तारीख पाळता येत नाही. सरकारने १९७८ पासून तुझ्याच नावाने खावटी कर्ज योजना चालवली, ती काही वर्षांपूर्वी बंद पडली. करोनाच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, खावटी अनुदान जाहीर झालं: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यात, निम्म्याच्या वस्तू. २०२० चा पावसाळा तेव्हा संपत आला होता. वस्तू वाटायला पुढचा पावसाळा उजाडला. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण भुकेची तारीख ठरलेली असते आणि तिची वाट बघायची तयारी नसते.

रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे, २०२२ च्या एप्रिलपासून लागू झालेला. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेल्या कर्जांसाठी तो आहे. त्यात म्हटलं आहे, की सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि हप्त्याची पाळी आठवड्याची असावी की महिन्याची, हे कर्ज घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे ठरवता यावं. पाड्यावर हप्ता गोळा करायला येणाऱ्यांकडून हे आम्ही कधी ऐकलं नाही. मी ते गटात वाचून दाखवलं. तरी माझा एक प्रश्न उरतो. महिन्याचं उत्पन्न म्हणजे कोणत्या महिन्याचं? वर्षाचं उत्पन्न बाराने भागून जो आकडा निघतो तो आमच्या एकाही महिन्याचा नसतो. कार्तिकात तो थोडा वाटतो, आषाढात फार. त्या भागाकारात तू दिसेनाशी होतेस, खावटी, आणि तू दिसली नाहीस की कर्ज देणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. म्हणून यंदा नवं कर्ज मागायला गेलेल्या दोघींनी तक्ता सोबत नेला. हप्ता आश्विनापासून सुरू करा, पावसाळ्याचे तीन महिने निम्मा घ्या, असं लिहून मागितलं. एकीचं मानलं गेलं, एकीचं नाही. जिचं मानलं नाही तिने कर्ज घेतलं नाही. १९४५ चं गवत मला त्या दिवशी आठवलं.

आजी आता नाही. तिची काठी मी जपून ठेवली आहे, कणगी कधीच मोडली. यंदाचे बारा तक्ते माझ्या भिंतीला टाचणीने लावले आहेत. तुझं नाव त्यांतल्या सात तक्त्यांत आहे. दोन जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, चार ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एक गणपतीच्या आधी. सातांपैकी पाचांची सोय झाली आहे. उरलेल्या दोन घरांसाठी उद्या बैठक आहे, आणि परवा सकाळच्या गाडीने आम्ही तिघी डहाणूला जाणार आहोत. पाऊस लागायच्या आत सुके बोंबील अजून परवडतील अशा भावात मिळतात. गटासाठी एकदम वीस किलो घ्यायचं ठरलं आहे.

तुला ओळखणारी,
गटाची वही लिहिणारी